दिलेला डाव

साखराबाईंनी घोडा उचलून हवेत धरला होता, तेवढ्यात आसारामने पटावरून हात फिरवला. राजे, हत्ती, उरलीसुरली प्यादी सगळी एका ढिगात गेली. एक प्यादं घरंगळत शेजारच्या गव्हाणीखाली गेलं.

"जा वैनी, दिला तुला," असं म्हणत आसाराम गुडघ्यांवर हात टेकून उठला. "बैलाला पानी दावायचंय."

भोवती बसलेले हसले. साखराबाईंनी हातातला घोडा थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग वाकून गव्हाणीखालचं प्यादं शोधलं, पदराने पुसलं आणि सोंगट्यांच्या पिशवीत टाकलं.

सुग्रीव दोन गोठ्यांच्या मधल्या वाटेवर उभा राहून हे पाहत होता. वडवणीच्या पुढे माळावर सहकारी संस्थेने चारा छावणी उघडली होती आणि जनावरांच्या कानांतल्या पिवळ्या बिल्ल्यांची हजेरी मोबाईलवर घ्यायचं काम त्याच्याकडे होतं. तो बीएस्सी झालेला, बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळणारा मुलगा. त्यामुळे कुठेही पट मांडलेला दिसला की त्याचे पाय थांबत. तो घोडा हवेतून खाली बसला असता तर आसारामच्या राजाला कुठेच घर उरलं नसतं.

"मावशी, मात होती ती," तो म्हणाला.

"ठावं हाय."

"मग बसवायचा ना घोडा."

"कशावर बसवू? पट कुठं ऱ्हायला?"

त्यानंतर काही दिवस सुग्रीवने मुद्दाम लक्ष ठेवलं. हजेरी घेता घेता तो डावांच्या कडेने फिरायचा. पुरुष आपसात खेळत तेव्हा शेवटच्या चालीपर्यंत भांडत, एकमेकांच्या सात पिढ्या काढत, आणि हरणारा मात झाल्यावरही राजाच्या आजूबाजूची घरं बोटाने चाचपून पाहत असे. साखराबाईंशी खेळताना पुरुषांचा डाव वर असला तर तेही असंच शेवटपर्यंत चाले. डाव खाली जायला लागला की मात्र कुणाला तहान लागे, कुणाचा फोन वाजे, कुणाच्या म्हशीचं दावं सैल होई. आणि जाता जाता प्रत्येक जण हसून एकच शब्द म्हणे: दिला.

याला एकही अपवाद नव्हता. सुग्रीवला ते फार विचित्र वाटलं.

साखराबाई बुद्धिबळ शिकल्या होत्या वडिलांकडून. ते मेंढरं घेऊन उन्हाळ्यात गोदाकाठाला जात. दुपारी बाभळीखाली मातीत रेघा ओढून पट करायचा, खड्यांचे हत्ती-घोडे आणि प्याद्यांच्या जागी सुकलेल्या लेंड्या. वारा आला की प्यादी उडून जात आणि कुठलं प्यादं कुठे होतं यावरून बाप-लेकीचं वाजे. वडिलांनी तिला एकदाही सोडलं नाही. लग्न झाल्यावर पट सुटला तो सुटलाच. घर, रान आणि जनावरं यांत डोकं वर काढायला फुरसत नव्हती. दुष्काळाने ती दिली. छावणीत सगळ्या गावांच्या दावणी एका रांगेत आल्या, सगळ्यांचे संसार एकाच पत्र्याखाली आले, आणि सकाळची वैरण आणि संध्याकाळचा टँकर यांच्यामधली लांबलचक दुपार सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली. वडवणीच्या बाजारातून कुणीतरी प्लास्टिकच्या सोंगट्या आणल्या. पेंडीच्या रिकाम्या गोणीवर कोळशाने घरं आखली. आधी साखराबाई लांबून पाहत. मग एकदा न राहवून त्यांनी आसारामला चाल सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या गोणीवर बसल्या.

त्यांचे पती बंकटराव मात्र त्यांच्याशी कधी खेळले नाहीत. ते पेंडीच्या पोत्यांना टेकून बसत, पटाकडे पाहत, आणि कुणी आपल्याकडे पाहतंय असं वाटलं की नजर जनावरांकडे वळवत.

"सुग्रीव," एका दुपारी साखराबाई म्हणाल्या, "हारले तर मला कळतंय, हारले म्हनून. पर जितले का त्यांनी दिलं, हे कसं वळखावं रं? बाप गेल्यापून मी कुनालाच मात दिलेली न्हाई. समदे आधीच देऊन जातेत. मला येतंय का न्हाई येत, तेवढं कळलं पायजे बग."

सुग्रीवने मग त्यांना कारखान्याच्या स्पर्धेबद्दल सांगितलं.

जवळच्या सहकारी साखर कारखान्यावर दरवर्षी कुस्त्यांचा फड भरत असे. यंदा ऊस नव्हता म्हणून गाळप नव्हतं, आणि हौद्यातली माती भिजवायला पाणी नव्हतं म्हणून कुस्त्याही नव्हत्या. पण काहीच केलं नाही तर लोक काय म्हणतील, ही चिंता अध्यक्ष भगवानरावांना होती. पाणी न लागणारा खेळ शोधा, असं त्यांनी संचालकांच्या बैठकीत सांगितलं आणि कुणाच्या तरी मुलामुळे बुद्धिबळाचं नाव निघालं. दोन दिवसांची स्पर्धा होती, आणि तीही फक्त कमी रेटिंगवाल्यांसाठी. रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा. ज्यांचा आकडा लहान आहे किंवा अजून मिळालेलाच नाही, तेवढेच खेळणार.

"म्हंजी कच्च्यांची जत्रा," साखराबाई म्हणाल्या.

"तसंच समजा. मीसुद्धा त्यातच आहे."

"तिथं बी देतेत का?"

सुग्रीवने क्षणभर विचार केला. "मोठे खेळाडू देतात. डाव गेला हे कळलं की हात मिळवून उठतात. आपल्या पातळीला मात्र कुणी उठत नाही. समोरचा चुकेल या आशेवर शेवटच्या प्याद्यापर्यंत बसून राहतात."

"कुनीच उठत न्हाई?"

"मी तरी अजून उठलो नाही."

"मग घाल माजं नाव," त्या म्हणाल्या.

तयारीला थोडेच दिवस होते. हजेरी संपली की सुग्रीव गोणीसमोर बसे. त्यांचा खेळ त्याला वाटला होता त्यापेक्षा कच्चाही होता आणि पक्काही. सुरुवातीच्या चाली त्यांना अजिबात येत नव्हत्या. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं, हे त्यांना फसवणुकीसारखं वाटे. त्यांच्याकडे राजा डावात एकदा घोड्यासारखी उडी मारायचा. ती उडी गेली आणि तिच्या जागी किल्लेकोट, म्हणजे राजा-हत्तीची एकत्र चाल, आला, याची त्यांना हळहळ वाटली. पण पटावर मोहरे कमी झाले, की त्यांचा चेहरा शांत होई आणि हात अचूक चाले. मातीत रेघा ओढून, वाऱ्यात प्यादी लक्षात ठेवून शिकलेल्या माणसाला मोकळा पट स्पष्ट दिसत असावा, असं सुग्रीवला वाटलं.

पहिली अडचण बोटांची होती. विचार करताना त्यांची बोटं मोहऱ्यांवरून फिरत, भाकरी फुगली का हे पाहावं तशी. स्पर्धेत हात लागला तो मोहरा चालवावाच लागतो. म्हणून त्याने त्यांना हात पदराखाली धरून बसायला लावलं. चाल झाली की त्याच हाताने घड्याळ दाबायचं, हे शिकवायला घड्याळ नव्हतं. त्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवला. दर चालीनंतर तांब्यावर टिचकी. येणारे-जाणारे विचारत, हे काय खूळ. आसाराम म्हणाला, आता वैनी दूध काढताना बी म्हशीच्या डोक्यावर टिचकी मारतेत.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. समोरच्याच्या वजिरावर आपला मोहरा रोखला की तोंडाने तसं सांगायचं, ही वडिलांची शिकवण होती. स्पर्धेत बोलायचं नाही, असं सुग्रीवने सांगितल्यावर त्या पटावरून मागे सरल्या.

"न सांगता मारायचा? चोरावानी?"

"चोरी कसली मावशी. पट दोघांसमोर उघडा आहे. ज्यानं त्यानं आपलं बघायचं."

हे त्यांना कसंबसं पटलं. बुर्जी मात्र पटेना. बुर्जी हा शब्द सुग्रीवने आधी ऐकलाच नव्हता, म्हणून त्याने खोदून खोदून विचारलं. त्यांच्या खेळात समोरच्याचे सगळे मोहरे मारले आणि त्याचा राजा एकटा उरला, की डाव तिथेच बरोबरीत संपे. जिंकत आलेल्यासाठी ती नामुष्कीच. त्यामुळे शहाणा माणूस शेवटचं एक प्यादं मारत नसे. ते त्याच्यापाशी ठेवायचं आणि मगच मात द्यायची.

"तिथे बुर्जी नसते," सुग्रीव म्हणाला. "राजा एकटा पडला तरी डाव चालू राहतो. उलट ते सोडलेलं प्यादं पुढे सरकून वजीर होतं आणि जिंकलेला डाव जातो. सापडलं की मारा."

"शेवटचं बी?"

"शेवटचं तर नक्कीच. मारा म्हणजे मारा."

"समदं घेऊन जितन्यात काय हाय," त्या पुटपुटल्या. पण पुढच्या डावात त्यांनी ते प्यादं मारलं आणि तांब्यावर टिचकी दिली.

बाकीच्या गोष्टी तो बिल्ले तपासताना जाता-येता सांगत राहिला. समोरच्याचं रेटिंग विचारू नका, विचारलं की ते डोक्यात बसतं. लहान पोरांना लहान समजू नका, तीच सगळ्यात निर्दयी. समोरचा पटापट खेळला म्हणून तुम्ही पटापट खेळू नका. हरलात तर बाहेर जाऊन पाणी प्या आणि तो डाव बाहेरच ठेवून या. साखराबाई ऐकून घेत. निघायच्या आदल्या दिवशी आसाराम म्हणाला, तिथं तुला कोन देनारंय वैनी? त्या म्हणाल्या, म्हनून तर चाललेय. बंकटराव इतकंच म्हणाले, की म्हशीचं मी बगतो.

कारखान्याच्या सभागृहात लांबलचक टेबलांवर पट मांडलेले होते. भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी, वर गरगरणारे पंखे, आणि खाली बहुतेक सगळी शाळेतली मुलं, त्यांचे वडील, काही कॉलेजची पोरं, थोडे निवृत्त लोक. नऊवारीत आलेल्या साखराबाई एकट्याच होत्या. लोकांनी पाहिलं, मग खेळ सुरू झाल्यावर पाहायचं विसरले.

पहिला डाव त्या घड्याळावर हरल्या. तांब्या होता तेव्हा टिचकी आठवत होती. खरं घड्याळ आलं आणि डावात जीव गुंतला तशी ती विसरली. समोरचा मुलगा काहीच बोलला नाही, त्यांची वेळ शांतपणे संपू दिली आणि पंचाला हात केला. दुसऱ्या डावात बोट वजिराला लागलं आणि तो नको तिथे न्यावा लागला. तिसऱ्या डावात दोन वेण्या घातलेली, पाय जमिनीला न पोचणारी एक मुलगी समोर आली. साखराबाईंनी तिच्याविरुद्ध फार वेळ झुंज दिली. मुलीने एक प्यादं जिंकलं, मग दुसरं, मग सगळे मोहरे एकेक करून बदलून घेतले आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता मात दिली.

सुग्रीवला वाटलं, आता त्या घरी जाऊ म्हणतील. तो पाणी घेऊन बाहेर आला तेव्हा साखराबाई पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा चांगलाच तजेलदार दिसत होता.

"त्या पोरीनं मला जरा बी सोडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "येकदा मी वर आलते, तरी दात आवळून बसली. लई गुनाची हाय."

दुसऱ्या दिवशीही त्या हरत राहिल्या, पण डाव लांबत गेले. आता घड्याळ विसरत नव्हतं. बोटं पदराखाली राहत होती. एकदा त्यांच्या तोंडून सवयीने "वजीर" निघालं. समोरच्या मुलाने दचकून वजीर वाचवला आणि पंचाने त्यांना समज दिली. बोलल्यामुळे डाव हातचा गेला. बाहेर आल्यावर त्या तोंडावर हात ठेवून कितीतरी वेळ हसत होत्या.

शेवटच्या फेरीत त्यांच्यासमोर पाटोद्याचे राधाकिशन आले. किराणा दुकानदार, साठीच्या आसपासचे, स्वच्छ पांढऱ्या शर्टातले. संध्याकाळची गाडी पकडायची म्हणून त्यांनी बॅग आधीच खुर्चीला अडकवून ठेवली होती. सुग्रीवचा स्वतःचा डाव लवकर आटोपला, बरोबरीत. तो बघणाऱ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी येऊन उभा राहिला.

साखराबाईंकडे पांढऱ्या सोंगट्या होत्या. दोन्हीकडचे मोहरे झपाट्याने बदलले गेले होते आणि पट मोकळा झाला होता. सुग्रीवच्या लक्षात आलं, की हा डाव पहिल्यांदाच त्यांच्या ओळखीच्या मुलखात आला आहे. त्यांची पाठ सरळ होती. त्या पटाकडे अशा पाहत होत्या, जणू दुपार झाली आहे आणि मेंढरं बसली आहेत.

शेवटी दोन राजे आणि दोन प्यादी उरली. उजव्या काठावर राधाकिशन यांचं काळं प्यादं आणि त्याला लागूनच साखराबाईंचा राजा. डाव्या काठावर, सगळ्यांपासून लांब, साखराबाईंचं एकुलतं प्यादं. काळा राजाही उजवीकडेच होता. चाल साखराबाईंची होती.

त्या बराच वेळ हलल्या नाहीत. नजर डाव्या प्याद्याकडे गेली, परत उजवीकडच्या काळ्या प्याद्यावर आली. सुग्रीवला वाटलं, बुर्जी. शेवटचं प्यादं मारायला यांचा हात उठत नाही. घड्याळातले आकडे उतरत होते. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, पण दोरीबाहेरच्या माणसाला खोकण्याचीही परवानगी नव्हती.

साखराबाईंनी पदराखालून हात काढला, राजाने काळं प्यादं मारलं आणि घड्याळ दाबलं.

सुग्रीवने श्वास सोडला. राधाकिशन यांनी पटाच्या दुसऱ्या काठाला असलेल्या त्या पांढऱ्या प्याद्याकडे पाहिलं, मग आपल्या राजाकडे. एकेक घर मोजत त्यांचं बोट टेबलाच्या कडेवरून सरळ डावीकडे सरकलं. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, डावाचं घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला.

"सोडला. छान खेळलात."

साखराबाईंचा स्पर्धेतला पहिला विजय. सुग्रीव दोरीखालून आत यायला वाकला आणि तसाच थांबला, कारण साखराबाईंनी हात पुढे केलाच नव्हता.

"कावून?" त्या विचारत होत्या. "कावून सोडला?"

"आता काय राहिलंय? तुमच्या प्याद्याचा वजीर होणार."

"झाला का?"

राधाकिशन अर्धवट उठले होते. त्यांचा हात अजून पुढेच होता.

"झाला न्हाई ना अजून," साखराबाई म्हणाल्या. "मग बसा की."

कुजबुज ऐकून पंच आले. त्यांनी दोघांकडे पाहिलं, राधाकिशन यांना विचारलं, आणि साखराबाईंना समजावलं, की समोरच्याने डाव सोडला की तो संपतो, त्याला तुमची संमती लागत नाही. बाई, तुम्ही जिंकलात. त्यांनी निकाल लिहून घेतला आणि ते बक्षिसांच्या टेबलाकडे निघून गेले. राधाकिशन यांनी बॅग खांद्याला लावली. एवढं मोठेपण दाखवूनही ही बाई आपल्याला मात होईपर्यंत बसवू पाहतेय, याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागला होता.

सुग्रीव घाईने जवळ आला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, "मावशी, इथे बुर्जी नसते. त्यांचा राजा एकटा पडला तरी डाव तुमचाच आहे."

"बुर्जी कोन म्हनतंय?" साखराबाई म्हणाल्या. "आधी पट बग."

सुग्रीवने पट पाहिला. पांढऱ्या प्याद्याची शेवटपर्यंतची घरं मोजली. मग काळ्या राजाची वाट मोजली, राधाकिशन यांनी मोजली होती तशीच, आधी आडवी आणि मग वर. राजा पोचत नव्हता. मग त्याने तीच वाट तिरकी मोजली, आणि मध्येच थांबला. राजा एकाच चालीत एक घर पुढे आणि एक घर बाजूला सरकतो. तिरका गेला तर तो प्यादं वजीर होता होता तिथे पोचत होता. प्यादं गेलं की दोन राजे उरणार. हा डाव जिंकलेला नव्हता. तो बरोबरीचा होता.

आणि दुसरी गोष्ट त्याला त्याच्या पाठोपाठच दिसली. ते काळं प्यादं न मारता साखराबाईंनी आपलं डावीकडचं प्यादं एक घर पुढे ढकललं असतं, तर काळा राजा नेमका एका पावलाने मागे पडला असता. शेवटचं प्यादं समोरच्याजवळ ठेवून त्या जिंकल्या असत्या. त्याचे कान गरम झाले.

राधाकिशन यांनी सुग्रीवचा चेहरा पाहिला, आणि मग तेही पटाकडे पाहू लागले. उभ्यानेच. थोड्या वेळाने बॅग खांद्यावरून उतरली. ते बसले.

"माझीच चाल ना?"

"तुमचीच."

त्यांनी राजा तिरका घेतला. साखराबाईंनी प्यादं पुढे ढकललं. राजा पुन्हा तिरका, प्यादं पुन्हा एक घर पुढे. घड्याळ बंद होतं, तरी दोघंही घाई असल्यासारखे पटावर वाकले होते. प्यादं टोकाला पोचलं, वजीर झालं आणि त्याच घरात काळ्या राजाने ते मारलं.

पटाच्या एका कोपऱ्यात काळा राजा, दुसऱ्या बाजूला पांढरा. मधे काही नव्हतं.

तेव्हा साखराबाईंनी हात पुढे केला.

राधाकिशन यांनी तो धरला, सोडला, आणि ते पंचांना शोधायला निघाले. हा निकाल बदलून घ्या म्हणाले. पंच म्हणाले, सोडलेला डाव सोडलेलाच राहतो, नियम आहे. राधाकिशन ओशाळून परत आले.

"कागदावर तुम्हीच जिंकल्यात," ते म्हणाले.

"कागद ऱ्हाऊ द्या," साखराबाई म्हणाल्या. "फुडच्या येळी मातर सोडू नगा. बसायचं."

"पुढच्या वेळी गाडीची वेळ बघून येणार नाही," राधाकिशन म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. त्यांची गाडी तोवर गेली असावी, पण त्यांनी मनगटाकडे पाहिलं नाही.

दोघं मोटारसायकलवरून छावणीकडे परतत होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं होती. सुग्रीव मान थोडी मागे वळवून म्हणाला, "ते प्यादं मारायला मीच सांगितलं होतं."

"तू सांगितलंस ते तिथल्या कायद्यानं बरुबरच हाय. मोजायचं काम माजं हुतं," मागून आवाज आला. "मारल्यावर दिसलं मला. हात काडला आन् दिसलं."

मग थोडं अंतर गेल्यावर त्या पुन्हा म्हणाल्या, "त्येनं राजा तिरका घेतला ना, तवा बाप समोर बसल्यावानी वाटलं. त्येनं बी कदी सोडलं न्हाई."

छावणीत वैरण घालून झाली होती. जनावरं रवंथ करत होती आणि गोणीभोवती नेहमीची माणसं बसली होती. साखराबाईंनी आधी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं का विचारलं. बंकटरावांनी मान हलवली.

"काय वैनी," आसारामने विचारलं, "कुनी दिला का न्हाई एखादा?"

सुग्रीवच्या खिशातल्या मोबाईलवर निकालांची यादी आली होती आणि तिच्यात साखराबाईंच्या नावापुढे एक गुण होता. तो काढून दाखवावा म्हणून त्याने खिशात हात घातला.

"समदे डाव हारले," साखराबाई म्हणाल्या. "येक बरुबरीत."

सुग्रीवने हात खिशातच ठेवला.

"बरुबरी?" आसाराम हसला. "कुनी दिली?"

"दिली न्हाई. माज्या हातातला डाव हुता, त्येनं काडून घेतला."

असं म्हणताना त्यांचा आवाज इतका सरळ होता, की हसायला तयार बसलेल्यांना पुढे काय करावं कळेना. साखराबाईंनी पिशवीतून दोन राजे आणि एक पांढरं प्यादं काढलं, गोणीवर जागच्या जागी मांडलं आणि म्हणाल्या, काळ्याची चाल हाय, बगा.

डोकी पटावर आली. आसाराम म्हणाला, यात काय बगायचं, पांढरं जितलेलं हाय. दुसऱ्या एकाने बोटाने घरं मोजली आणि तोही तेच म्हणाला. तिसऱ्याने दोघांना वेड्यात काढलं, मग मोजून पाहिलं आणि गप्प बसला. सुग्रीवने तोंड उघडलं नाही. वाद वाढत गेला, आवाज चढले, कुणीतरी कुणाला तुला म्हशीचं शिंग तरी मोजता येतं का बे, असं विचारलं.

पोत्यांना टेकलेले बंकटराव उठले. गर्दीच्या मागे उभे राहून त्यांनी खांद्यांवरून पट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्यांनी दोघांना बाजूला सारलं, वाकले आणि काळा राजा उचलून तिरक्या घरात ठेवला.

साखराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग प्यादं एक घर पुढे ढकललं आणि समोरच्या बाजूला गोणीवर पडलेला कडब्याचा कचरा हाताने झाडला.

बंकटरावांनी चपला काढल्या आणि ते मांडी घालून बसले.